पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याला धड घर नाहीं त्याच्यासाठीं वापरण्याची आपली रीत आहे. गेल्या उन्हाळ्यांत ती आम्हांलाच लागू पडली, आणि तीहि सदाशिव पेठेंत तीन पिढ्यांचें नांदतें घर असतांना! आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं हाच विषय निघतो असें ऐकतों. म्हणून आमची हकीकत, तींतील चुकीसकट, या महिन्यांत येथें सांगत आहों.

मोठ्या मोटारीच्या पोटांतच बिछाना, शेगडी, पाण्याची टांकी, भांडीं विसळण्याची लहानशी मोरी आणि चार कपाटें बसवितात, व तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. दिवसां ती वाहन, रात्रीं ती घर. अशी एक गाडी भाड्यानें घेऊन पुण्याहून मनालीस, आणि तेथून लाहौलच्या वाटेनें लडाखांत लेहपर्यंत जावें, असा बेत आम्हां उभयतांनीं केला. आम्ही नोकरींतून मोकळे होऊन दोन वर्षें झालीं होतीं. आमच्या कुटुंबाची शाळेंतील मराठीची शिक्षकीहि नुकतीच संपली होती.

बेत ऐकून घरांत मोठी सभा भरली. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, विमानानं निघालांत तर दुसऱ्या दिवशीं लेहला पोंचाल. ही हमाली कशाला?" चिरंजीवांनीं वाटेंतील इस्पितळांची यादी करून दिली. आमच्या मातोश्री शहाऐंशीं वर्षांच्या आहेत. त्या सगळें ऐकून घेऊन एवढेंच म्हणाल्या, "जा, बापडे. पण तिच्याकडे लक्ष ठेव. ती आपणहून कांहीं सांगायची नाहीं." हें वाक्य त्या वेळीं आम्हीं कानाआड केलें.

बंधूंच्या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हीं सभेंत दिलें नाहीं, तें असें. लग्नाला चौतीस वर्षें झालीं, परंतु आम्ही दोघेंच असे सलग आठ दिवसहि कधीं राहिलों नव्हतों. नऊ माणसांच्या घरांत नवराबायकोचें बोलणें म्हणजे बहुधा निरोपांची देवघेव असते. दूध आलें का, विम्याचा हप्ता भरला का, आईचें औषध संपलें का, यांपलीकडे तें क्वचितच जातें. घराबद्दल आमची तक्रार नाहीं. घरानेंच आम्हांला वाढविलें. परंतु ज्या माणसाशीं जन्म काढला त्याच्याशीं एकदां सावकाश बोलावें, अशी इच्छा या वयांत होते, आणि तींत कांहीं वावगें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

नाशिक, धुळें करीत खलघाटास नर्मदा ओलांडली. पुढें इंदूर, कोटा, जयपूर, चंडीगड. मग बिलासपूर, मंडी व कुलू अशा वाटेनें नवव्या दिवशीं मनालीस पोंचलों. गाडींतल्या संसाराची शिस्त निराळीच. एक उभा राहिला तर दुसऱ्यानें बसावें लागतें. पाणी मोजून वापरावें लागतें. चहा करणें आमच्याकडे आलें, नकाशा पाहणें तिच्याकडे गेलें. आणि सांगावयास हरकत नाहीं कीं तिचा नकाशा आमच्या चहापेक्षां पुष्कळ बरा होता. नऊ माणसांच्या घरांत जीं भांडणें महिना महिना झांकून राहतात, तीं येथें पांच मिनिटांत उघडीं पडतात आणि दहा मिनिटांत मिटवावीं लागतात. कारण रुसून जाऊन बसावयास दुसरी खोली नाहीं.

मनालीच्या पुढें पूर्वीं रोहतांगचा घाट चढावा लागे, आणि हिंवाळ्यांत बर्फानें तो महिनोन् महिने बंद राही. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं अटल बोगदा खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर आहे. अलीकडे देवदारांची हिरवी दाटी, तर पलीकडे उघडेबोडके पहाड व त्यांच्या पायथ्याशीं बटाट्याचीं आणि वाटाण्याचीं शेतें. थोड्याच मिनिटांत मनुष्य एका जगांतून दुसऱ्या जगांत जातो. पुढें तांडी येथें चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. त्यांच्या एकत्र प्रवाहाला चंद्रभागा म्हणतात. तीच पुढें चिनाब होते. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे चंद्रकोरीसारखें वळण घेणारी आपली भीमाच. हें नांव परमुलखांत ऐकून आमच्या कुटुंबानें नकळत हात जोडले. लाहौलांत अशी कथा सांगतात कीं, चंद्रा ही चंद्राची कन्या, भागा हा सूर्याचा पुत्र. दोघें बारालाचा खिंडीच्या माथ्यावरून विरुद्ध दिशांना धांवत निघालीं आणि डोंगराला वळसा घालून तांडीस भेटलीं. चंद्रा आधीं पोंचली. भागाला अरुंद दऱ्यांतून वाट काढीत येण्यास उशीर झाला.

त्या भागेच्या कांठाकांठानें वर चढत आम्ही जिस्पा येथें मुक्काम केला. उंची सुमारें ३,२०० मीटर. येथेंच आमची चूक झाली. शास्त्र असें आहे कीं, हवेंतील प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र सारखेंच, शेंकडा एकवीस. परंतु उंचीवर हवेचा दाबच कमी असल्यामुळें प्रत्येक श्वासांत प्राणवायु थोडा येतो. शरीराला याची संवय होण्यास दिवस लागतात. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा निजण्याचा मुक्काम ५०० मीटरपेक्षां अधिक चढवूं नये, आणि तीनचार दिवसांनीं एक दिवस चढ थांबवावा, असें डॉक्टर सांगतात. आम्हीं हें वाचलें होतें. पण दुसऱ्या दिवशीं सुमारें ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड ओलांडून आम्ही सरचूस जाऊन थांबलों. तेथील उंची सुमारें ४,३०० मीटर, म्हणजे एका दिवसांत अकराशें मीटरची वाढ! फिरत्या घराचा जो मोठा गुण, तोच येथें त्याचा दोष ठरतो. जेथें दमलों तेथें बिछाना तयार; मग ती जागा निजण्याजोगी आहे कीं नाहीं, हा विचार मनांत येत नाहीं.

सरचूस हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें शेंकडा साठाच्या आसपास असतो, आणि पाणी ८६ अंशांच्या सुमारासच उकळतें. कुकरमध्यें मुगाची खिचडी केली. "भूक नाहीं," असें म्हणून तिनें दोनच घांस खाल्ले. प्रवासाचा शीण असेल, असें म्हणून आम्हीं स्वस्थ जेवलों. रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली तों ती दोन्ही हातांनीं डोकें धरून अंधारांत बसलेली. "स्टोव्हच्या धुरानं दुखत असेल," म्हणाली. परंतु शेगडी आम्हीं संध्याकाळींच विझविली होती. बंद गाडींत उबेसाठीं शेगडी पेटती ठेवून निजणें म्हणजे विषारी वायूला घरांत बोलावणें, हें आम्हांस ठाऊक होतें. इतक्यांत तिला उलटी झाली.

जवळच्या तंबूंतील एका लाहौली गृहस्थांना हांक मारली. त्यांनीं फारसें न बोलतां तिला दिव्याच्या उजेडांत एका सरळ रेषेंत, टांचेला टांच जोडून चालावयास सांगितलें. ती चालली. तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तोल गेला असता, भ्रम दिसला असता, किंवा बसल्या जागीं धाप लागली असती, तर एक क्षणहि थांबावयाचें नव्हतें. तशा स्थितींत माणूस तासांत हातचा जातो. त्यांनीं प्राणवायूची लहान नळकांडी लावून दिली आणि फटफटतांच खालीं जाण्यास बजावलें.

येथें आमच्या मनाची एक लाजिरवाणी गोष्ट सांगणें भाग आहे. आम्हीं त्यांना विचारलें कीं, लेह आतां अवघें अडीचशें किलोमीटर राहिलें, तें सरचूपेक्षां खालींहि आहे. तर पुढेंच गेलेलें बरें नव्हे का? ते म्हणाले कीं, लेहच्या आधीं लाचुलुंग आणि तांगलांग अशा दोन खिंडी आहेत, त्या पांच हजार मीटरच्या वर. दिवसभर उंचच उंच. मध्यें खालीं उतरण्यास जागा नाहीं. मागें मात्र एकच खिंड, आणि मग उतारच उतार. एवढें सांगून त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. पुण्याहून इतक्या लांब आल्याचा हिशेब आम्ही तिच्या डोक्याच्या दुखण्याशीं मांडीत होतों, हें त्यांना कळलें असावें.

उजाडतांच गाडी मागें फिरविली. बारालाचा ओलांडून सूरजतालापासून भागेच्या बाजूनें उतरूं लागल्यावर ती हळूच म्हणाली, "जिस्प्यालाच दुखत होतं. म्हटलं, तुमचा हिरमोड कशाला?"

"अगं, पण हें असं लपवायचं?"

"लग्न झाल्यापासून लपवतेंय. घरांत डोकं दुखतं म्हटलं कीं आधीं प्रश्न यायचा, मग आज स्वयंपाक कोणी करायचा. मग म्हणणंच सोडून दिलं."

हें तिनें रागानें म्हटलें नाहीं, म्हणून आम्हांस अधिक लागलें. आम्हीं गाडी चालवीत राहिलों. उत्तर असें कांहीं नव्हतेंच.

जिस्पा येथें उतरल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत डोकें थांबलें, भूक लागली. तेथें आम्ही तीन दिवस राहिलों. एका संध्याकाळीं नदीकांठीं बसलों असतां तिनेंच अनंतशास्त्री डोंगरे यांची गोष्ट काढली. शास्त्रीबोवा विद्यार्थी असतांना पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ शिकले. पेशव्यांच्या वाड्यांत स्त्रीला संस्कृत शिकवितात हें तेथें कळल्यावर आपल्याहि पत्नीला शिकवावें असें त्यांनीं मनांत घेतलें. स्वकीयांनीं व समाजानें विरोध केला. तेव्हां ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन गंगामूळच्या रानांत जाऊन राहिले, आणि तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं त्यांची कन्या रमाबाई जन्मली. मूल सहा महिन्यांचें होतें न होतें तोंच सारें कुटुंब यात्रेस निघालें. तान्ही रमा वेताच्या पेटींत होती. पुढें वर्षानुवर्षें गांवोगांव पुराणें सांगत तें बिऱ्हाड फिरलें, आणि त्या फिरतीवर लक्ष्मीबाई पहांटे मुलीला उठवून संस्कृत पढवीत. तीच मुलगी पुढें पंडिता रमाबाई म्हणून १८८२ सालीं पुण्यास आली व तिनें आर्य महिला समाज स्थापन केला.

आमचें कुटुंब म्हणालें, "त्यांना बायकोशीं बोलायला रानांत जावं लागलं. तेव्हां गांव आडवा येत होता. आपल्याला कोण आडवं आलं हो?"

आम्हीं प्रामाणिकपणें विचार केला. आमच्या आईनें कधीं अडविलें नव्हतें. उलट निघतांना तिनेंच सावध केलें होतें. घरांत दुष्ट असें कोणीच नाहीं. परंतु मोठ्या घरांत प्रत्येक दुखणें हें आधीं कामाची अडचण म्हणून मोजलें जातें, आणि मग दुखणें म्हणून. सासूनें तें लपविलें, सुनेनें तें लपविलें, आणि पुरुषांनीं त्या लपविण्यालाच सोशिकपणा असें गोड नांव देऊन टाकलें. सरचूच्या हवेनें त्या नांवाची किंमत आम्हांस दाखविली. तेथें जी बाई सोसते ती घर सांवरीत नाहीं. ती जीव धोक्यांत घालते.

परततांना तांडीस पुन्हां थांबलों. लेह पाहिलें नाहीं, याची रुखरुख आतां उरली नाहीं. ज्या कुटुंबांतून अशा प्रवासाचे बेत चालले आहेत त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, अवश्य जावें, पण वेळापत्रकांत चार दिवस रिकामे ठेवावे, मुक्काम सावकाश चढवावा, औषधाविषयीं आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें, आणि रोज सकाळीं एकमेकांना विचारावें, "डोकं दुखतं का? भूक आहे का? झोंप लागली का?" उत्तर खरें द्यावें. आणि दुखूं लागल्यास पुढील गांव कितीहि जवळ असला तरी मागें फिरावें.

घरीं आल्यावर आईनें पहिला प्रश्न विचारला, "सांगितलं का तिनं?"

"सांगितलं, पण उशिरां," आम्हीं म्हणालों.

"मी तर सांगितलंच नव्हतं कधीं," ती म्हणाली, आणि जपमाळ ओढूं लागली.

परवां सकाळीं आमच्या सूनबाई माजघरांत येऊन सर्वांसमक्ष म्हणाल्या, "आज माझी कंबर फार दुखते आहे, मी निजतें." क्षणभर घर गप्प झालें. मग चिरंजीवांनीं कुकर लावला व आम्हीं कोशिंबीर केली. वरण पातळ झालें होतें. कोणीं त्याबद्दल अवाक्षर काढलें नाहीं.