सात फटींचा वारसा कोणाचा?
जीपच्या दर्शनी जाळीतील सात उभ्या फटी आज ‘युद्धवारसा’ म्हणून टी-शर्टवर मिरवल्या जातात. माझ्या मते हा वारसा चुकीच्या खात्यावर जमा झाला आहे. दुसऱ्या महायुद्धातील बहुसंख्य विलीज एमबी जीपना नऊ फटी होत्या. त्यांचे छोटे हेडलाइट जाळीच्या आत, बिजागरीवर बसवलेले असत. ते आत वळवले की रात्री इंजिनावर उजेड पडे. (आघाडीवरील मेकॅनिकसाठी केवढी सोय!)

१९४५ साली विलीजने मुलकी सीजे-२ए आणली, ती मुख्यतः शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून. हेडलाइट मोठे होऊन जाळीबाहेर आले आणि फटी उरल्या सात. मागे उघडणारा फाळका आला, म्हणून स्टेपनी बाजूला गेली. शेतातील ओढकामासाठी गिअरची गुणोत्तरे बदलली. इंजिनाच्या शक्तीवर शेतीयंत्रे चालवण्याची सोयही घेता येई. हिला ‘रंग बदललेली लष्करी जीप’ म्हणणे मला मान्य नाही.

पुढे महिंद्रने भारतात बनवलेली सीजे-३बी याच मुलकी घराण्यातली. गंमत अशी, की तीच आपल्या सैन्यातही दाखल झाली.