डोंगरातली सायकल आणि दारातली गाडी

आमची चौदा वर्षांची गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत विकली. ती विकली यापेक्षा तिच्या जागी दुसरी घेतली नाही, याचीच चर्चा आपल्या मंडळात अधिक झाली. मासिक सभेनंतरच्या चहाच्या वेळी एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांनी विचारले, "डॉक्टर, तुम्हाला त्या डोंगरातल्या सायकलीचा एवढा नाद. तुम्ही तर उलट मोठी गाडी घ्यायला हवी होती. सायकली मागे टाकल्या, की निघालात चोर्ल्याला!" चहा संपेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य नव्हते. स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी बालकांच्या आहाराविषयी किंवा लसीकरणाविषयी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ते उत्तर द्यायचे राहून गेले आहे, म्हणून येथे देतो.

गाडी मुळात कशासाठी होती, ते आधी सांगितले पाहिजे. २०१० साली ती घेतली तेव्हा सायकलीचा विचारही मनात नव्हता. २०१२ मध्ये आईचे खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतरची दहा वर्षे ती गाडी खऱ्या अर्थाने आईचीच होती. तिला पाय लांब करून बसता यावे म्हणून पुढची डावी सीट आम्ही शेवटपर्यंत मागे सरकवून ठेवली होती. आई २०२२ मध्ये गेली. गाडी विकेपर्यंत ती सीट तशीच राहिली. तेव्हा गाडी असणे वाईट, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा माझ्या हातून होणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की ते कारण संपल्यावर केवळ छंदासाठी चारचाकी बाळगावी काय?

छंद म्हणजे माउंटन बाइकचा. जाड खाचदार टायर, पुढे धक्के सोसणारा फोर्क, वजन तेरा-चौदा किलो. डांबरी रस्त्यावर ही सायकल आळशी वाटते. मुरमाच्या गाडीवाटेवर आणि शेताच्या बांधावर ती जागी होते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती घेतली, आणि ज्याच्याकडे ती येते त्याच्या मनात वर्षभरात गाडीचा विचार येतोच. कारण सायकल डोंगरासाठी, आणि डोंगर लांब!

या खेळाचे आणि मोटारीचे नातेही जुने आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली पिकअप ट्रकमध्ये घालून माथ्यावर नेत आणि मातीच्या रस्त्याने भरधाव खाली येत. १९७६ साली त्यांनी तेथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू केली. उतारभर ब्रेक दाबून हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून ते नाव. त्यांना ट्रक हवाच होता, कारण त्यांचा खेळ उताराचा होता आणि त्या अवजड सायकली चढावर चालवणे म्हणजे शिक्षा होती. आज आपल्या सायकलींना गिअर आहेत. आम्ही चढतोही. किंबहुना पन्नाशीनंतर चढ हाच अधिक सुरक्षित भाग आहे, असे मी माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राच्या संमतीने सांगतो.

बेळगावात राहणाऱ्याला तर डोंगर लांब आहे ही तक्रारच शोभत नाही. येळ्ळूरचा राजहंसगड पंधराएक किलोमीटरवर. देवरवाडीचा वैजनाथ साधारण तितकाच. तेथे पोचेपर्यंत राज्य बदललेले असते, एवढेच. शहर सोडून दहा मिनिटे झाली की तांबडी वाट सुरू होते. मात्र जांबोटीपलीकडचे रान, सुमारे चाळीस किलोमीटरवरचे कणकुंबी, त्यापुढचा चोर्ला घाट, हे खरे लांब. तेथे सायकलने जाऊन, तेथे सायकल चालवून, पुन्हा सायकलनेच परत येणे माझ्या वयाच्या मनुष्याला रविवारच्या एका सकाळीत जमत नाही. गाडीचा प्रश्न येतो तो या रानासाठी.

आता थोडा हिशेब. दहा लाखांची गाडी धरू. पाच ते दहा लाखांच्या गाडीवर आपल्या राज्यात आजीव रस्ताकर १४ टक्के, त्यात पहिल्या वर्षाचा विमा. म्हणजे दारात येईपर्यंत बारा लाखांच्या आसपास. दहा वर्षांनी तिचे अडीच-तीन लाख आले तर वर्षाला नव्वद हजार रुपये नुसते झिजले. वर दरवर्षीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि अडकलेल्या पैशाचे व्याज. पेट्रोलचा थेंबही न घालता माझा आकडा वर्षाला दीड लाखाच्या खाली आला नाही. आणि जांबोटीपलीकडच्या फेऱ्या किती? पावसाळ्याचे चार महिने जांभ्याची वाट साबणासारखी होते, ते वगळा. लग्नकार्ये, परिषदा आणि साथीचे दिवस वगळा. वर्षाला बारा फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे एका फेरीला साडेबारा हजार रुपये पडले. टपावर कॅरिअर असलेली क्रूझर दिवसभरासाठी ठरवली, जुन्या गोधड्या मध्ये घालून सहा सायकली दोरीने बांधल्या, तर माणशी सात-आठशे रुपयांत काम होते. शिवाय येताना झोपता येते.

जुनी गाडी घ्या, असेही मला सुचवण्यात आले. तीन लाखांची जुनी गाडी घेतली तरी फेरीमागे पाच-सहा हजार रुपये पडतातच, आणि चोर्ल्याच्या चढावर ती तापली तर वेगळेच. ज्यांच्या दारात आधीपासून गाडी आहे, त्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. ती घरासाठी घेतली आहे, तिचा खर्च घराने सोसलेला आहे. त्यांना फेरीमागे पाच-सहाशेचे पेट्रोल आणि एक रॅक, इतकेच. त्यांनी खुशाल न्यावी. फक्त मागच्या दाराला टांगायच्या रॅकमुळे नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकले जातात, हे ध्यानात ठेवावे. आगगाडीचा पर्याय मी लोंढ्यापर्यंत करून पाहिला आहे. सायकल लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये चढवायची आणि दोन मिनिटांच्या थांब्यात उतरवून घ्यायची, हा व्यायाम सायकलीपेक्षा मोठा आहे.

पण हिशेबाने माझा निर्णय झाला नाही. आपण डॉक्टर मंडळी हिशेब करून गाडी घेत नाही आणि हिशेब करून छंदही लावून घेत नाही. निर्णय झाला तो निराळ्या कारणाने, आणि ते कारण व्यवसायाचे आहे.

गाडीच्या बाजूचा सर्वांत प्रबळ मुद्दा म्हणजे बोलावणे आले तर लवकर परतता येते. नवजात शिशूंचे काम करणाऱ्याला तो चटकन पटतो. मलाही तो अनेक वर्षे पटलेला होता. २०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारी सकाळी मी कणकुंबीच्या बाजूला होतो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, आम्ही दोघे रानात. तेथे मोबाईलला रेंज नव्हती. चढावर आल्यावर एकदम सात चुकलेल्या फोनांचे संदेश आले. बत्तीस आठवड्यांची जुळी आणि प्रसूती सुरू झालेली. सायकल कशीबशी आत कोंबली आणि निघालो. पन्नास मिनिटांत रुग्णालयाच्या दारात होतो. तेव्हा हा मला गाडीचा विजय वाटला.

परंतु मी पोचलो तेव्हा काम होऊन गेले होते. पहिल्या बाळाने श्वास घेतला नव्हता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याने पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने त्याला श्वास दिला होता. दुसरे आपणहून रडले होते. दोन्ही बाळे वॉर्मरखाली होती आणि सीपॅपच्या बाटलीत बुडबुडे येत होते. मी स्टेथोस्कोप लावला, मान हलवली आणि बाजूला झालो. नवजात शिशूच्या पुनरुज्जीवनात त्या पहिल्या साठ सेकंदांना सुवर्णमिनिट म्हणतात, हे मी स्वतः परिचारिकांना शिकवतो. त्या मिनिटाला पन्नास मिनिटांवरची गाडी आणि अडीच तासांवरची सायकल सारखीच निरुपयोगी. उपयोगी पडला तो तेथे हजर असलेला माणूस. तो हजर होता हेही योगायोगाने. मी त्याला रीतसर सांगून गेलोच नव्हतो. गाडी आहे, येईन लवकर, या भरवशावर मी ते सांगण्याचा कंटाळा केला होता.

आणि येताना काय झाले, ते आजवर मी घरीही सांगितलेले नाही. जांबोटीच्या अलीकडे एका वस्तीपाशी शेळीमागे धावणारे सहा-सात वर्षांचे पोर रस्त्यावर आले. ब्रेक लागले. पोर दोन हातांवर थांबले, शेळी पुढे गेली. ते माझ्याकडे बघून हसले. मी काच खाली करून काही बोललोही नाही. पुन्हा वेग घेतला. दोन बाळांसाठी म्हणून तिसऱ्याच्या बाबतीत मी काय करू शकलो असतो, हा विचार त्या दिवशी रात्री आला आणि मग बरेच दिवस येत राहिला.

त्यानंतर आम्ही तिघा बालरोगतज्ज्ञांनी रविवार वाटून घेतले. ज्याचा रविवार त्याने शहराबाहेर जायचे नाही. बाकीच्यांपैकी कोणी अर्ध्या तासापलीकडे जाणार असेल तर आदल्या रात्री फोनवर, प्रत्यक्ष बोलून सांगायचे. नुसता संदेश पाठवून चालत नाही. ही व्यवस्था लागल्यावर गाडीचा तो प्रबळ मुद्दा आपोआप ढासळला. कारण आता मला लवकर परतायचेच नसते.

दुसरा मुद्दा अपघाताचा. डोंगरात पडलात तर गाडी हाताशी हवी, असे म्हणतात. २०२१ मध्ये मी एकटाच वैजनाथाजवळच्या घसाऱ्यावर पडलो आणि डावी गळपट्टी मोडली. गाडी दोनशे पावलांवर उभी होती. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकावा लागतो, हे वाक्य मी त्या दिवशी मनाशी बऱ्याच वेळा म्हटले. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने मला शहरात आणले आणि गाडी आणायला दुसऱ्या दिवशी दोघांना पाठवावे लागले. दुधाचे पैसे चुकवायचे असतात म्हणून तो माणूस घाईत होता. तरीही त्याने प्रत्येक खड्ड्यापाशी वेग कमी केला.

राहिला प्रश्न छंदाचा. मी सायकलीची रोजनिशी ठेवतो. २०१८ मध्ये, म्हणजे गाडीत सायकल घालून लांब जाण्याच्या उत्साहाच्या वर्षात, माझ्या एकूण सतरा फेऱ्या झाल्या. गाडी गेल्यानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत चौसष्ट. सायकल गाडीतून न्यायची म्हटले, की ती मोहीम होते. चाके काढा, सीट पाडा, चादर अंथरा, परत आल्यावर चिखल धुवा. त्यासाठी अख्खा रविवार लागतो आणि अख्खा रविवार डॉक्टरला मिळत नाही; मग फेरीच रद्द होते. आता बुधवारी पहाटे साडेपाचला दारातून निघतो, येळ्ळूरच्या शिवारातून गडाचा चढ करून साडेआठच्या आत घरी असतो. दहाला बाह्यरुग्ण विभाग. रात्रीच्या बोलावण्याला स्कूटर आहे, रुग्णालय दीड किलोमीटरवर आहे, मुसळधार पाऊस असला तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला ओळखीचा आहे.

माझे म्हणणे सर्वांना लागू पडेल असा माझा आग्रह नाही. आमच्याबरोबर येणाऱ्या एका भगिनी डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हा पुरुषांचे ठीक आहे. रानातून आल्यावर ओले कपडे बदलायला आणि दार लावून बसायला मला चार भिंती लागतात. त्या चाकांवर असल्या तर बरे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत त्यांच्याशी तर मी वादच घालणार नाही. आणि कणकुंबीच्या रानातली सप्टेंबरअखेरची सकाळ, धुके आणि ओल्या पाचोळ्याचा वास, हे मला पूर्वीपेक्षा कमी मिळते, हेही खरेच. शिवाय तेथेही आता मनाला येईल तिकडे शिरता येत नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले आणि वनखात्याच्या परवानगीवाचून त्याच्या हद्दीत चाक घालता येत नाही. ते योग्यच आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारसाठी क्रूझर ठरवली आहे. सकाळी सहाला निघून दुपारी दोनपर्यंत परत. सहापैकी चार जागा भरल्या आहेत. त्या भगिनी डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन मागून येणार आहेत. ज्या सभासदांना यायचे असेल त्यांनी आदल्या सभेत सांगावे, आणि त्या दिवशीचे आपले रुग्ण कोणाकडे सोपवले आहेत, तेही त्याच वेळी सांगावे.