किंमत पूर्ण, मालकी अपुरी

कर्ज काढून घेतलेल्या वाहनावर बँकेचा बोजा असतो. अखेरचा हप्ता फिटला की तो उतरतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र पूर्ण किंमत मोजूनही असा दिवस उगवत नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती परस्पर पुसून टाकल्या. त्या प्रती पुरवणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, ग्राहकांचे पैसेही परत केले गेले. पण अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी ठरली आणि प्रकरण न्यायालयात गेले. यंत्र आपले, आतील मजकूर मात्र परवान्यापुरता! ही अट बारीक अक्षरांत दडवणे गैर आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, विकला जातो तो केवळ परवाना हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास कायद्याने मनाई आहे. असा नियम भारतातही व्हावयास हवा.