संगीताचं सॉफ्टवेअर आणि जुना लॅपटॉप: कंपन्यांनी कुठवर साथ द्यावी?



आज विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या भजनी मंडळांशी त्याचा थेट संबंध आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची साथ थांबवली. विंडोज 11 टाकायचं तर कॉम्प्युटरमध्ये टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. मुलांनी नवा घेतल्यावर आपल्याकडे आलेले कितीतरी लॅपटॉप यात बसत नाहीत. ते छान चालतात, पण एका तारखेला ते म्हातारे ठरले.

आमच्या हुडकेश्वरच्या ले-आऊटमधल्या मंडळात आम्ही दहा-बारा जणी आहोत. तंबोरा धरणारी कोणी नाही आणि तबलजी रोज मिळत नाही. त्यामुळे तानपुरा, ठेका आणि लेहरा लॅपटॉपवरच लावतो. दशलक्षण पर्वाची सगळी तयारी त्यावरच होते. माझ्या जाऊबाई मुलांना पेटी शिकवतात, त्यांनी असंच एक सॉफ्टवेअर रीतसर पैसे भरून घेतलं होतं. मागच्या वर्षी लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. बर्डीवरच्या कारागिराने ती बदलून दिली. पण सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना कंपनीचं उत्तर आलं, की ही आवृत्ती आता सुरू करून मिळणार नाही, नवी घ्या. आणि नवी त्या लॅपटॉपवर चालत नाही! बिल हातात, पैसे भरलेले, आणि वस्तू मात्र गेली.

संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जुन्या कॉम्प्युटरना साथ देत राहावं का? मला वाटतं, यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. नवीन सोयी जुन्या मशीनवर द्याव्यात का, हा एक. आणि जे विकलं ते चालू राहू द्यावं का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नात मी कंपन्यांच्या बाजूने आहे. मी कॉमर्सची पदवीधर, हिशोब आधी मांडते. एकदाच पैसे घ्यायचे आणि जन्मभर दरवर्षी खर्च करायचा, असा धंदा कुठलाही दुकानदार करणार नाही. प्रत्येक जुन्या सिस्टीमवर सॉफ्टवेअर तपासून बघायला माणूस लागतो. यातले बरेच बनवणारे तर एकटे किंवा दोघं-तिघं असतात. शिवाय जमीन त्यांच्याही पायाखालून सरकते. अ‍ॅपलने 2017 मध्ये आयओएस 11 आणलं आणि 2019 मध्ये मॅकसाठी कॅटलिना आणलं, तेव्हा 32 बिटची जुनी अ‍ॅप्स चालणंच बंद झालं. बनवणाऱ्यांना ती नव्याने बांधावी लागली. त्यांनाच सगळा दोष कसा द्यायचा?

कायद्याचे आकडेही त्यांच्या बाजूने आहेत. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचं आयुष्य 3 वर्षं धरलं आहे. आयकरात कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो. पण वहीतली किंमत संपली म्हणून वस्तू निकामी होत नाही. तसं असतं तर आपल्या सासूबाईंची पितळी भांडी केव्हाच मोडीत गेली असती.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मी ठामपणे आपल्या बाजूने आहे. मिरजेचे तंबोरे बघा. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे आजही आजोबांचा तंबोरा तारा, जवारी आणि खुंट्या नीट करून पुन्हा बोलता होतो. कारागीर असं म्हणत नाही, की तुमचं मॉडेल बंद झालं, म्हणून तारा काढून घेतो. पंडित भातखंड्यांनी शंभर वर्षांपूर्वी क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीत छापलेल्या बंदिशी आजची मुलगीही वाचून गाऊ शकते. कागदाला परवाना लागत नाही.

बाहेरच्या जगात हाच वाद 2024 च्या ऑगस्टमध्ये पेटला. फिनाले हे पाश्चात्य स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे 35 वर्षांनंतर बंद केलं. आधी सांगितलं, की वर्षभराने नव्या कॉम्प्युटरवर ते सुरू करून मिळणार नाही. जगभरचे संगीतकार चिडले आणि कंपनीने तो निर्णय मागे घेतला. आहे ते सॉफ्टवेअर पुढेही सुरू करून देऊ, असं तिने कळवलं. म्हणजे नवं बनवणं थांबवूनही जुन्या ग्राहकाशी नीट वागता येतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या तर आजही उतरवून घेता येतात.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. विकतानाच सांगा, की साथ कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. साथ संपली तरी शेवटची चालणारी आवृत्ती उतरवता येऊ द्या. परवाना तपासणारा सर्व्हर बंद करायचा असेल, तर त्याआधी कुलूप काढून टाका. आणि आमची गाणी, आमची लिपी सर्वांना उघडता येईल अशा फाइलमध्ये बाहेर काढू द्या. यात कंपनीचं दिवाळं निघण्यासारखं काहीच नाही.

युरोपीय संघाने 2024 च्या सायबर रेझिलियन्स कायद्यात साथीची शेवटची तारीख खरेदीच्या वेळी सांगणं बंधनकारक केलं आहे. त्याच्या मुख्य अटी 2027 च्या डिसेंबरपासून लागू होतील. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं आहेत. सॉफ्टवेअरसाठीही असाच विचार व्हायला हवा. चालतं मशीन कचऱ्यात घालायला लावणं हे आपल्या परिग्रह-परिमाणाच्या शिकवणीतही बसत नाही.

तोवर आपण काय करायचं? विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. परवाना क्रमांक आणि बिल घरखर्चाच्या वहीत चिकटवा. रेकॉर्डिंग केलेली स्तवनं डब्ल्यूएव्ही किंवा एमपी3 मध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. तानपुऱ्याचे आपल्या पट्टीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे रेकॉर्ड करून ठेवा, ते कुठल्याही मोबाइलवर वाजतील. जुना विंडोज 10 चा लॅपटॉप फक्त गाण्याला ठेवा आणि इंटरनेटला जोडू नका. बँकेचं काम त्यावर अजिबात नको.

आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर घेताना किमतीच्या आधी एकच विचारा: किती वर्षं साथ देणार? उत्तर मेलवर लेखी मागा. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, हजारो रुपये देताना गप्प का बसायचं?