तबकडी नवी, पण आवाज कोणाचा?

मद्रासच्या एग्मोर भागातील मार्शल्स रोडवर 'ईस्ट नूक' नावाच्या बंगल्यात १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी १९२४ साली हौशी नागरिकांच्या रेडिओ क्लबने आणि १९३० पासून मद्रास महापालिकेने आपल्या बळावर शहरासाठी ध्वनिक्षेपण केले होते. एग्मोरला केंद्र आले आणि नगराचा रेडिओ सरकारचा झाला. १९५४ साली केंद्र समुद्रकिनारी हलले, त्याआधीच साम्राज्य सरकारही गेले. परंतु एग्मोरच्या त्या बंगल्यात उभा राहिलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. नभोवाणी कोणाच्या मुखाने बोलणार?

उपग्रहाकडून येणारे कार्यक्रम पकडणारी जुनी यंत्रे बदलून नवी बसविणे म्हणजेच नभोवाणीचे आधुनिकीकरण, असा भ्रम आज पद्धतशीरपणे पसरविला जातो. म्हणून या प्रश्नाची फोड करणे अगत्याचे आहे.

नव्या यंत्राला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. उपग्रहापूर्वी दिल्लीची बातमीपत्रे केंद्रांना लघुलहरींवरून पकडून पुन्हा प्रक्षेपित करावी लागत. खरखर आणि आवाजाची चढउतार हे नित्याचे होते. १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बीने ही अडचण दूर करण्याचा मार्ग मोकळा केला. तबकड्या गंजतात, ग्रहणयंत्रे जुनी होतात, त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. ती बदललीच पाहिजेत. कू-बँडवरील संकेत मुसळधार पावसात क्षीण होतो, सी-बँड त्या मानाने टिकाव धरते. तेव्हा केवळ स्वस्त पडते म्हणून छोटी तबकडी माथी मारणेही चूकच.

पण ग्रहणयंत्र करते काय? ते फक्त ऐकते. वरून आलेले खाली सोडण्याची सोय करते. खालचे वर नेण्याची नाही. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या पायाभूत विकासासाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपये मंजूर केले. २८ एप्रिल २०२३ रोजी प्रत्येकी १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू करण्यात आले. आकडे भव्य आहेत. मात्र दुसरीकडून आलेला कार्यक्रम पुढे सोडणे, हेच अशा छोट्या प्रक्षेपकाचे काम. त्या जिल्ह्यातील शेतमजूर, विडी कामगार, कोळी यांचा शब्द त्यावरून उमटणार नसेल, तर त्याला रेडिओ केंद्र म्हणावे की कर्णा?

आणि याच काळात काय बंद पडत होते? नागपूरच्या १,००० किलोवॅट प्रक्षेपकावरून १९८८ साली सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी व पाच प्रादेशिक प्रशिक्षण संस्था बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा घाट घातला गेला; लोकक्षोभ उसळताच त्याला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे कान वाढवायचे आणि जीभ छाटायची, हे या धोरणाचे खरे स्वरूप होय.

काटकसरीचा युक्तिवाद नेहमीचाच आहे. छोट्या केंद्रांना श्रोते नाहीत, असे नोकरशाही सांगते. श्रोते का नाहीत? आपल्या गावाचे काही ऐकूच येत नसेल तर माणूस रेडिओ लावील कशाला? १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभारली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. उपग्रह नसतानाही तो रेडिओ दुहेरी होता.

हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईच्या मोठ्या भागांत वीज गेली, मोबाइल बंद पडले. 'द हिंदू' हे दैनिक १८७८ नंतर प्रथमच शहरात निघू शकले नाही. अशा रात्री बॅटरीवर चालणारा रेडिओ हाच गरिबाचा आधार. परंतु कोणत्या वस्तीत पाणी शिरले, कोणता पूल बंद आहे, होडी कोठे मिळेल, हे दिल्लीहून उपग्रहामार्गे येणारा स्वच्छ, सुस्पष्ट आवाज सांगू शकत नाही. ते सांगायला त्याच शहरातला निवेदक, वार्ताहर आणि अभियंता जागा असावा लागतो.

ध्वनिलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. ती मालमत्ता जनतेच्या हाती यावी, यासाठी मागण्या स्पष्ट असाव्यात: ग्रहणयंत्रांबरोबरच प्रत्येक केंद्राला सुसज्ज स्टुडिओ व जनित्र द्या, रिक्त जागा कायमस्वरूपी भरा, स्थानिक भाषेतील कार्यक्रमांचे किमान तास बांधून द्या, जिल्ह्याचा आवाज राज्यभर पोहोचविण्याची व्यवस्था उभी करा. कामगार व किसान संघटनांनी आपापल्या जिल्ह्यातील केंद्राची स्थिती तपासून हा प्रश्न हाती घ्यावा.

तबकडी जरूर नवी बसवा. मात्र तिच्याखाली बोलणारा माणूसही बसवा.