फूल, दोन पाने आणि पोटाचा प्रश्न

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला, गोव्याच्या सीमेवरचा दोडामार्ग तालुका गोव्याला जोडा, अशी मागणी 2018 साली उघडपणे पुढे आली. त्या वर्षाच्या आरंभापासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले होते आणि त्याविरुद्ध दोडामार्गात आंदोलन उभे राहिले होते. ही मागणी निघाली की तिच्यावर एक ठरलेला शेरा बसतो: पोटासाठी माती सोडायला निघालेली माणसे. पलीकडे गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर जे सार्वमत झाले, त्याच्याविषयी मात्र नेमके उलट सांगितले जाते. तिथे म्हणे पोटाचा प्रश्नच नव्हता. ख्रिस्ती एका बाजूला गेले, हिंदू दुसऱ्या, किंवा मराठी एकीकडे आणि कोकणी दुसरीकडे. सीमेच्या अलीकडचा माणूस निव्वळ पोटाने विचार करतो आणि पलीकडचा निव्वळ श्रद्धेने, हे मला मान्य नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेले, दोडामार्गचा मुलूख इकडे राहिला. सीमा पडली म्हणून दोन गावच्या माणसांची विचार करण्याची रीत बदलत नाही. माझे म्हणणे असे की व्यवसाय आणि मत यांचे नाते घट्ट असते, पण ते व्यवसायाच्या नावात शोधले तर हाती लागत नाही. माणसाची भाकरी कोणाच्या हातात आहे आणि मतपत्रिकेवरचा कोणता पर्याय तो हात बदलणार आहे, असे विचारले तरच ते दिसते.

आधी आकडे पाहू. फुलाची खूण म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांची खूण म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. गोव्यात सुमारे 3 लाख 88 हजार मतदार होते, त्यांपैकी 3 लाख 17 हजार 633 जणांनी मत दिले. फुलाला 1 लाख 38 हजार 170, दोन पानांना 1 लाख 72 हजार 191. फरक 34,021 चा. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आधीच पायउतार झाले होते. आता धर्माचा सिद्धांत या आकड्यांवर ठेवून बघावा. 1961 च्या जनगणनेत गोव्यातील हिंदू सुमारे तीन पंचमांश होते आणि ख्रिस्ती एक तृतीयांशाहून थोडे अधिक. प्रत्येक ख्रिस्ती मत दोन पानांवर पडले असे धरले, ख्रिस्ती मतदार इतरांपेक्षा जास्त संख्येने बाहेर पडले असेही धरले, तरी 54.2 टक्क्यांचा आकडा गाठायला ख्रिस्तेतर मतदारांपैकी निदान चौघांतला एक दोन पानांकडे गेलेला असावा लागतो. धर्माने या माणसाचे मत सांगता येत नाही. तो अपवाद म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण निकाल त्यानेच ठरवला. भाषेचा सिद्धांतही याच माणसापाशी अडतो: घरात कोकणी बोलणारी आणि देवळात मराठी भजन म्हणणारी माणसे गोव्यात सर्वत्र होती, पेडण्यातही आणि फोंड्यातही. दोन्ही भाषा ज्याच्या जिभेवर आहेत त्याचा कौल कोणत्या भाषेच्या खात्यात टाकायचा?

विलीनीकरणाचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात होता. इथे कुळाचा प्रश्न जिवंत होता. भाटकाराच्या जमिनीत कसायचे, त्याच्याच भाटात मुंडकार म्हणून झोपडी बांधायची आणि तो म्हणेल तेव्हा दोन्ही सोडायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. त्याच वेळी सीमेच्या अलीकडे, त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावंतवाडी तालुक्यात, 1948 चा मुंबई कूळकायदा लागू होता आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनापासून कसणारे कूळ कागदावर तरी जमिनीचे मालक मानले गेले होते. अंमलबजावणीत हजार अडचणी होत्या, हे खरे. पण पेडण्यातल्या कुळाची सोयरीक अलीकडच्या गावांत होती. सोयऱ्याच्या नावाने सातबारा निघू शकतो, ही गोष्ट त्याला कोणत्याही पुढाऱ्याने येऊन सांगण्याची गरज नव्हती. त्याच्या दृष्टीने महाराष्ट्र म्हणजे शिवाजी महाराज होतेच, तुकोबा होतेच, आणि शिवाय भाटकाराच्या हातून जमीन सोडवणारा कायदाही होता. यातला पहिला भाग तेवढा सांगायचा आणि दुसरा गाळायचा, ही त्या कुळाच्या बुद्धीवर अन्यायाची गोष्ट आहे.

दुसऱ्या बाजूलाही हेच. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर, काजूच्या हंगामात भट्टी लावणारा शेतकरी, गावचा तवेर्नवाला, या साऱ्यांचा धंदा गोव्याच्या कायद्यात परवान्याचा होता आणि मुंबईच्या कायद्यात गुन्ह्याचा ठरू शकत होता. विलीनीकरणविरोधी प्रचारात दारूबंदीचा मुद्दा ठळक होता तो उगाच नव्हे. तशीच स्थिती पणजीच्या कचेऱ्यांतली. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले, त्यामुळे आपली बढती अडली अशी भावना स्थानिक नोकरवर्गात पसरली होती. गोवा एका जिल्ह्यापुरता उरला तर सचिवालय जाणार, विधानसभा जाणार, आणि त्यांच्या आधाराने उभी राहणारी कारकुनीपासून वकिलीपर्यंतची कामे मुंबईला जाणार, हा हिशेब शिकलेल्या तरुणाला कळत होता. तो हिंदू असो की ख्रिस्ती. मघाचा चौघांतला एक शोधायचा असेल तर मी आधी या कचेऱ्यांत आणि बाजारपेठांत शोधीन.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. पोटच बोलत असेल तर सासष्टीतल्या ख्रिस्ती कुळाने आणि मुंडकाराने फुलाला मत द्यायला हवे होते. भाटकार त्यालाही होताच. पण सासष्टी तर दोन पानांचा बालेकिल्ला ठरली. व्यवसायाच्या नावावर थांबणारा सिद्धांत इथे खरोखरच कोसळतो. माझ्या मते कोसळते ती मोजण्याची पद्धत. मत एक माणूस देतो, पण पोट घराचे असते. सासष्टीच्या किती तरी घरांत बाप कूळ होता आणि मुलगा तारवटी. बोटीवरचा पगार, मुंबईतल्या कुडांच्या (गोमंतकीयांच्या सामाईक वसतिघरांच्या) आधाराने मिळवलेली नोकरी, पूर्व आफ्रिकेतून येणारी मनीऑर्डर यांवर ती घरे उभी होती. जमीन हे त्या घराच्या पोटाचे एकमेव साधन उरले नव्हते, म्हणून जमीन सोडवणाऱ्या कायद्याची ओढही तितकी नव्हती. सत्तरीच्या कुळापाशी जमीन गेली तर दुसरे काही नव्हते. दोघांच्या धंद्याचे नाव एक, दोघांच्या घराचा ताळेबंद वेगळा. (आणि ज्याच्या पगारावर घर चालत होते त्या तारवट्याला मताचा हक्कच मिळाला नाही, गोव्याबाहेरच्या गोमंतकीयांना मत द्यावे ही मागणी मान्य झाली नव्हती. त्याचे मत त्याच्या घराने दिले, असे मी समजतो.) धर्माचा या सगळ्यात काहीच हात नव्हता, असे मी म्हणत नाही. बोटीवर कोण गेला आणि कुळवाडीत कोण अडकला, हे ठरवण्यात पोर्तुगीज राजवटीतल्या धर्माचा मोठा वाटा होता. जातीचेही तसेच. पण धर्म आणि जात यांनी माणसाला ज्या कामावर नेऊन ठेवले, त्या कामातून त्याचे मत पुढे कसे घडले, हे पाहायचे सोडून देणे म्हणजे अर्ध्या वाटेवर उत्तर मिळाले असे मानणे होय.

याच न्यायाने पेडण्यातला काजूची भट्टी लावणारा माणूस दारूबंदीला न भिता फुलाकडे का गेला, हेही उलगडते. भट्टी हंगामाची, कुळवाडी बारा महिन्यांची. ज्या घरात दोन धंदे असतात तिथे जो धंदा दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून असतो तो मताला जास्त ओढतो. भट्टी त्याची स्वतःची होती. जमीन नव्हती.

दुसरा आक्षेप पुढाऱ्यांचा. विलीनीकरणाचे नेते बांदोडकर स्वतः खाणमालक होते, विरोधकांचे नेते जॅक सिक्वेरा व्यापारी आणि जमीनदार, दोघेही धनिक. मग धंद्याचा संबंध राहिला कुठे? ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, ‘राष्ट्रमत’मधून चंद्रकांत केणी आणि ‘ब्रह्मास्त्र’ सदर लिहिणारे उदय भेंब्रे विरोधात, आणि दोन्ही पत्रे मराठी. लेखणीचा आणि सभांचा प्रभाव मी नाकारत नाही. 34 हजारांच्या फरकात एका चांगल्या सदरालाही वजन असते. पण पुढारी पर्याय मांडतो, त्या पर्यायाचा अर्थ ऐकणारा आपल्या घरी जाऊन लावतो. सार्वमतानंतर दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण हरलेल्या त्याच बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. निव्वळ अस्मितेचा कौल असता तर हा निकाल समजायला कठीण जाईल. कुळाच्या बाजूने पाहिले की तो सरळ आहे. गोव्याच्या स्वतःच्या विधानसभेने 1964 मध्ये कूळकायदा केला, खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिले. म्हणजे जी गोष्ट मिळवण्यासाठी मुंबईला जावे लागेल असे वाटत होते, ती पणजीत मिळू शकते हे दिसले होते. बांदोडकरांनीच केलेल्या या कायद्याने विलीनीकरणाचे सर्वांत मोठे पोटापाण्याचे कारण सैल केले, असे माझे अनुमान आहे. पुढे 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळकायद्यातली दुरुस्तीही पणजीतच झाली, आणि विलीनीकरणाची मागणी त्यानंतर कधी पूर्वीच्या बळाने उभी राहिली नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे. मतपेटी गुप्त असते. कुळाने काय केले, रेंदेराने काय केले हे तालुक्यांच्या आकड्यांवरून सांगणे धोक्याचे आहे. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच वर ‘अनुमान’ म्हटले आहे. मात्र हा धोका दोन्ही बाजूंना लागू आहे. ब्रिटनने 23 जून 2016 रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल 51.9 टक्क्यांनी दिला, तेव्हा संडरलँडचे उदाहरण जगभर दिले गेले: निस्सानचा कारखाना असलेले, युरोपला मोटारी पाठवून जगणारे शहर, आणि तिथे 61 टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने. कामगारांनी आपल्याच पोटावर पाय दिला, असा निष्कर्ष काढला गेला. पण त्या शहराच्या लाखो वस्तीत निस्सानचे कामगार काही हजार. कारखान्यातल्यांनी काय केले हे शहराचा आकडा सांगूच शकत नाही. उलट जिथे धंद्याचीच थेट पाहणी झाली तिथे चित्र लख्ख आहे. मतदानापूर्वी ब्रिटिश मच्छीमारांच्या पाहणीत दर दहांतले नऊहून अधिक जण बाहेर पडू इच्छित होते, कारण त्यांनी किती मासळी धरायची हे युरोपचे सामाईक मत्स्यधोरण ठरवत होते. भाकरी कोणाच्या हातात, हे त्यांना रोज जाळे टाकताना कळत होते. मतदानाच्या दिवशीच्या मोठ्या पाहणीत वरच्या व्यावसायिक वर्गाचा कल राहण्याकडे आणि अंगमेहनतीच्या वर्गाचा निघण्याकडे, जवळजवळ तीनांत दोन इतका दिसला. एवढ्यावरून वर्गाने मत ठरवले असे मी म्हणणार नाही. त्याच वर्गांच्या गणनेत पेन्शनवर जगणारे आणि बेकारही मोडतात, आणि त्यांचा हात वेगळाच.

आता हाच मापदंड दोडामार्गाला लावू. इथल्या घराचा सातबारा महाराष्ट्राचा, मत महाराष्ट्राचे, आणि कमावत्या मुलाचा पगार बऱ्याचदा डिचोली, म्हापसा, थिवीच्या कारखान्यांतला. तिलारीचे धरण या मातीत झाले, गावे इथली उठली, आणि पाण्याचा मोठा वाटा कालव्याने गोव्याला गेला. आजारी माणूस गंभीर झाला की रुग्णवाहिका बांबोळीचा रस्ता धरते. अशा घराला गोव्यात जावेसे वाटले तर त्याने माती विकली असे होत नाही. आपले पोट आणि आपला जीव ज्याच्या हातात आहे त्या सरकारवर आपल्या मताचा अंकुश असावा, एवढेच ते मागते. लोकशाहीत याहून रास्त मागणी मला दिसत नाही. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. सीमेवरून रोज ये-जा करणाऱ्याला तो आयुष्यभर मिळणार नाही. पण सगळा तालुका असे म्हणेल, हेही मी मानत नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांची सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन ओरोसच्या जिल्हा मुख्यालयाच्या आणि मुंबईच्या कागदांवर आहे. 1967 मध्ये पणजीच्या कारकुनाला जी धास्ती वाटली तीच त्यांना वाटेल, आणि ती तितकीच रास्त असेल. काजू बागायतदार गोव्यातल्या आधारभूत किमतीकडे पाहील. बाहेरून येऊन रबर आणि अननस लावणाऱ्याला जमिनीच्या व्यवहाराचे नियम पाहावे लागतील. एकाच वाडीत चार घरे चार दिशांना जातील, आणि त्यातले एकही घर दुसऱ्यापेक्षा कमी निष्ठेचे नसेल.

यावर शेवटचा आक्षेप असा घेतला जाईल की पोटाचा हिशेब मान्य केला तर सीमा रोज बदलाव्या लागतील. गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे कुळाला कायदा मिळाला आणि सीमेचा प्रश्न मागे पडला. दोडामार्गात सुसज्ज रुग्णालय उभे राहिले, किंवा बांबोळीच्या उपचारांचा खर्च दोन्ही सरकारांनी आपसांत ठरवून उचलला, तर 2018 साली ज्या माणसांनी ही मागणी उचलली त्यांतला मोठा भाग तिच्यापासून दूर होईल, असे मला वाटते. उरतील ते सीमेपलीकडे रोजगारावर जाणारे, आणि त्यांच्यासाठी वास्तव्याच्या दाखल्याचा वेगळा करार पणजी आणि मुंबईला बसून करावा लागेल.