तीनदा वाचले, तरी लक्षात का राहत नाही?

बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी बी.कॉम.ला जाते आणि अर्थशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक घरात येते. घरची कामे आटोपून ती रात्री नेमाने वाचते. पहिल्या चाचणीत मात्र गुण पडत नाहीत. मग नातेवाईक म्हणतात, "हिला इंग्रजी झेपत नाही." एवढ्यावर निकाल लावू नये. पुष्कळदा घोडे अडते ते वाचण्याच्या रीतीत.

तेच पान पुन्हा पुन्हा वाचले की ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीचे वाटले की 'आले' असे वाटते. येथेच फसगत होते. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींनी एकच उतारा चारही बैठकांत वाचला. काहींनी पहिल्या बैठकीत वाचून पुढच्या तीन बैठकांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्केच आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला चांगले आठवेल अशी खात्री नुसते वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि त्यात काय सांगितले ते आपल्या मराठीत सांगा. अडखळलात तर पुन्हा उघडा. जमले की तेच दोन-तीन सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहा. 'डिमांड', 'इलॅस्टिसिटी' हे शब्द तसेच ठेवा, कारण पेपरात तेच हवेत.

प्रत्येक अनोळखी शब्दाला शब्दकोश उघडू नका, वाचनाचा धागा तुटतो. पेन्सिलीने खूण करा. दोन-तीनदा भेटला, तरच अर्थ पाहा. पण 'हाऊएव्हर', 'अनलेस', 'देअरफोर' असल्या लहान शब्दांवरून घाईने जाऊ नका. किंमत वाढली की मागणी घटते, हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्यापुढे 'हाऊएव्हर' येते आणि पुस्तक सांगते, की मिठासारख्या वस्तूची मागणी किंमत वाढली तरी फारशी हलत नाही. परीक्षक नेमके हेच विचारतो, आणि गाईडमध्ये बहुधा ते एका ओळीत उरकलेले असते.

धडा सुरू करण्याआधी मथळे आणि शेवटचे प्रश्न वाचून घ्यावेत. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ सालीच ही पद्धत आपल्या पुस्तकात मांडली होती. काय शोधायचे हे ठाऊक असले की वाचन भरकटत नाही.

आईवडिलांनीही यात हात द्यावा. त्यासाठी इंग्रजी यायलाच हवे असे नाही. भाकऱ्या थापता थापता आईने विचारावे, "आज काय वाचलंस? मला समजेल असं सांग." ऐकताना कळले नाही तर "म्हणजे काय गं?" असे खुशाल विचारावे. जिथे मुलगी गडबडते, तेवढाच भाग तिने रात्री पुन्हा पाहावा. दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने तोच प्रश्न परत विचारावा. त्या अर्ध्या तासापुरता टी.व्ही. बंद आणि मोबाईल फळीवर, एवढे घरातल्या मोठ्यांनीही पाळावे.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिका मागाव्यात. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी एक, घड्याळ समोर ठेवून आणि पुस्तक मिटून सोडवावी.